अस्वलाचा तोल आणि डोहाचा गाळ

एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहाला, मुलांनो, ढोलबा नावाचे एक सरकारी अस्वल होते.

बिनसरकारी अस्वलेही त्या जंगलात पुष्कळ होती. ती मध खात, खोडाला पाठ घासत आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसत. ढोलबा मात्र नेमणुकीवर होता. डोहाच्या तळाशी एका झऱ्याचे तोंड होते आणि त्यावर पालापाचोळा साचत असे. खाली उतरून तो काढणे हे राजपाणबुड्याचे काम. या पदाबरोबर काठावरची एक कोरडी, वाऱ्याच्या आडोशाची गुहा राहायला मिळे. त्या गुहेत ढोलबाची बायको होती आणि नुकतीच जन्मलेली दोन पिल्ले होती.

पाणमांजरे असताना या कामावर अस्वल का, अशी शंका तुम्हांला आली असेल. शंका रास्त आहे. त्याच डोहात चिंबी नावाची पाणमांजरी राहत होती आणि तिनेही या पदासाठी अर्ज केला होता. परंतु पाणबुड्याने हवेच्या जोडटाक्या पाठीवर बांधूनच पाण्यात उतरावे, असा नियम होता. चिंबीला टाक्यांवाचून बुडता येते हे चौकशीत सिद्ध झाले आणि ती अपात्र ठरली. टाक्यांत हवा कोण भरत असे, याविषयी कथा मौन पाळते. अशा मौनाचा आदर करावा.

ढोलबाची अडचण एकच होती. पाण्यात तो आडवा राहत नसे. डोके वर आणि बूड खाली, अशा तिरप्या अवस्थेत तो तळाशी पोचे. मग त्याचे मागचे पाय गाळात रुतत. ते सोडवायला तो पाय मारी, गाळ ढगासारखा उसळे आणि त्याला स्वतःचे नाकदेखील दिसेनासे होई. हाताला लागेल ते घेऊन तो वर येई. कधी ते लाकूड असे, कधी दगड, आणि एकदा तर तो एका संतापलेल्या खेकड्याला घेऊन आला होता.

काठावर मात्र त्याचा मोठा मान होता. डोहनिरीक्षक टिटवी पाण्याकडे डोळे लावून उभी असे. गाळ पृष्ठभागावर आला, की ती मान हलवी आणि म्हणे, "काम सुरू झालं." जितका गाळ दाट, तितकी बुडी खोल, असा तिथला हिशेब होता. त्यावर आजवर कोणी आक्षेप घेतला नव्हता, कारण आक्षेप घ्यायला खाली जावे लागले असते.

उन्हाळा आला आणि डोह उतरू लागला. त्या जंगलात राजा होता गवा. त्याची शिंगे भव्य होती आणि मान वळायला वेळ लागत असे. राज्यकारभाराला एवढे पुरते. त्याने ढोलबाला बोलावून घेतले.

"इतका गाळ काढतोस, मग पाणी का कमी होतंय?" गव्याने विचारले.

"झऱ्याचं तोंड सापडत नाही, महाराज."

"पुढच्या बुडीत सापडू दे. नाहीतर गुहा मोकळी कर. तरसाचा अर्ज आलाय."

ढोलबा टाक्या न उतरवताच काठावर येऊन बसला. चिंबी एका खडकावर मासा खात होती.

"दादा, तोंड का पाडलंय?"

"पाय जड पडतात गं. वैद्यबुवा म्हणाले, उपास कर. केला. पाय तसेच आहेत, आता भूकही लागते."

"पायांना काही झालेलं नाही. मी खालून रोज बघते तुम्हांला. पाण्यात या आणि काही न करता नुसते थांबा."

ढोलबा पाण्यात उतरला. काहीही न करणे त्याला जड गेले. इतकी वर्षे सरकारी पदावर असूनही त्याला ही विद्या अवगत झाली नव्हती. अखेर तो स्तब्ध झाला आणि त्याचे बूड सावकाश खाली जाऊ लागले.

"बघा," चिंबी म्हणाली. "टाक्या कमरेवर बसल्यात. सगळं वजन मागं. त्या खांद्यांकडे सरकवा."

"पण माझ्या आधीच्या पाणबुड्यानं इथंच बांधल्या होत्या."

"तो कोण होता?"

"साळिंदर."

"त्याला खांद्यावर काटे होते, दादा."

ढोलबाने पट्टे सैल केले. चिंबीने टाक्या वर ढकलल्या. आता त्याचे डोके खाली जाऊ लागले आणि तो नाकावर उभा राहिला. चिंबी इतकी हसली, की तिचा मासा पाण्यात पडला. टाक्या किंचित खाली घेतल्या, पुन्हा पाहिले, पुन्हा बोटभर वर घेतल्या. आणि मग ढोलबा पाण्यात आडवा राहिला. पान तरंगावे तसा. त्याने पाय गुडघ्यांत दुमडून वर घेतले आणि ते वरच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो तळाशी गेला. गाळ हलला नाही. आयुष्यात प्रथमच त्याने तो तळ पाहिला, ज्यावर त्याचा संसार चालत होता. झऱ्याचे तोंड समोरच होते, पानांनी गच्च बुजलेले. त्याने पाने अलगद काढली. गार पाणी त्याच्या छातीला लागले. तो वर आला तेव्हा डोह चढू लागला होता.

दरबारात टिटवीने आपले निवेदन केले.

"महाराज, बुडी झालेली नाही. मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. गाळाचा कणही वर आला नाही."

"मग पाणी कसं वाढलं?"

"आपल्या पुण्याईनं."

गव्याला हे स्पष्टीकरण परिपूर्ण वाटले.

ढोलबा हात जोडून पुढे झाला. "महाराज, मी गेलो होतो. आडवा राहिलो, म्हणून गाळ उडाला नाही."

"म्हणजे तू खाली जाऊन आडवा झालास?"

"होय, महाराज."

"कामाच्या वेळात?"

दरबारात कुजबुज झाली. तरसाने पुढे येऊन मुजरा केला. गव्याने हळूहळू मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि मग तितकीच हळूहळू परत आणली.

"एक संधी देतो. उद्या माझ्यादेखत बुडी मार. गाळ दिसला तर गुहा तुझी."

सकाळी ढोलबा काठावर पट्टे सैल करत होता. चिंबी जवळ आली.

"दादा, टाक्या खाली ओढू नका. झरा परत बुजेल."

"पिल्लं अजून दूध पितात, चिंबे. त्यांना घेऊन कुठं जाऊ?"

ढोलबाने टाक्या पूर्वीपेक्षाही खाली, पार ढुंगणावर बांधल्या आणि उडी घेतली.

तो उभाच्या उभा तळाशी गेला. पाय रुतले. तळव्याला झऱ्याचे गार पाणी लागले, त्यावरून त्याने जागा ओळखली. क्षणभर त्याने पाय उचलून धरला. मग गुहा आठवली आणि तो नाचू लागला. तळव्याला लागणारी गार धार बारीक झाली आणि मग लागेनाशी झाली.

वर डोह काळा पडला. काठच्या हरणांच्या तोंडांवर चिखल उडाला. टिटवीने पंखाने डोळे पुसले. "काम सुरू झालं," असे ती कसेबसे म्हणाली. गव्याने तिथल्या तिथे ढोलबाला 'डोहरत्न' ही पदवी दिली आणि गुहा पिढीजात करून टाकली. तरस ओशाळून निघून गेला.

पुढे पाणी आटत गेले. जनावरे उरलेला चिखल दातांनी गाळून पिऊ लागली. गवा मात्र रोज काठावर येई आणि त्या चिखलाकडे समाधानाने पाही.

"पूर्वी काम दिसायला ढोलबाला उतरावं लागायचं," तो टिटवीला म्हणाला. "आता तो गुहेत झोपलेला असतो, तरी चालूच असतं."

तात्पर्य: ज्याला तळाशी स्थिर राहता येते, त्याने ते काठावर कळू देऊ नये. ज्याला येत नाही, त्याने चिंता करू नये. त्याचे काम सर्वांना दिसते.