सेवानिवृत्त काकांची कार्यतत्परता

ज्या कामाची नोंद नाही ते झालंच नाही, आणि ज्याची नोंद आहे ते न करताही झालेलं असतं, या भक्कम पायावर कोणतीही मोठी कचेरी उभी असते. या कचेरीत तर नोंद आपोआप व्हायची. मजल्यामजल्यावरचे कॉम्प्युटर तारांनी ज्या पेट्यांना जोडलेले असतात, त्या पेट्यांत, म्हणजे स्विचमध्ये, कोणी काय बदललं हे सेकंदासकट उतरून घेतलं जाई.

हात कोणी लावायचा याचंही परिपत्रक होतं. कर्मचाऱ्यांचे वर्ग तीन: नुसते बघणारे, बघून वर कळवणारे आणि प्रत्यक्ष करणारे. तिसरा अधिकार ज्येष्ठतेनुसार असल्याने तो मोठ्या साहेबांकडे होता. (साहेबांना स्वतःचा फोन चालू करायलाही मुलीला हाक मारावी लागते, पण ज्येष्ठता ती ज्येष्ठताच.)

स्विचवाल्या बाईंची नेमणूक स्विच दुरुस्त करायला झाली होती, म्हणून त्यांना बघ्यांचा अधिकार देण्यात आला. नव्या माणसाच्या हाती एकदम कोलीत नको, हे रास्तच होतं. वरचा अधिकार हवा तर काम केल्याचा पुरावा जोडायचा, आणि काम करायला वरचा अधिकार लागायचा. बाईंनी तरी अर्ज केला. तो सव्वा वर्षात तीन टेबलं पुढे सरकला, म्हणजे वेग वाईट नव्हता.

दरम्यान तिसरा मजला बंद पडला. साहेब म्हणाले, "बाई, काकांच्या नावाने शिरा ना. त्यांचं खातं चालूच आहे."

काका म्हणजे स्विचचं काम आधी बघणारे, ज्येष्ठतेने करणाऱ्यांच्या वर्गात पोचलेले आणि बाई येण्याच्या आदल्याच महिन्यात निवृत्त झालेले. खातं बंद करायला त्यांनी जातीने येऊन सही करणं आवश्यक होतं, आणि फाटकावरचा पास तर शेवटच्या दिवशीच काढून घेतलेला. पासवर्ड, गुप्ततेच्या दृष्टीने, पेटीच्या दाराला आतून चिकटवला होता.

बाई कामाला वाघ. डबा अर्धवट टाकून धावायच्या. दोन वर्षांनी त्यांना कायम करायची वेळ आली तेव्हा समितीने नोंदी मागवल्या. काका: चार हजार एकशे बारा कामं. बाई: शून्य.

"साहेब, ही सगळी कामं माझी आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हीच मला त्यांच्या नावाने शिरायला सांगितलं होतं."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. सांगितल्याची नोंद नव्हती. समितीने काकांना फोन केला. ते म्हणाले, सकाळी नातीला शाळेत सोडतो, दुपारी झोपतो. नोंदींशी ताडून पाहता त्या वेळी काका तिसऱ्या मजल्यावर होते. वयोमानाने विसर पडतो, असा शेरा मारून समितीने काकांना सन्मानपत्र दिलं आणि बाईंना नारळ.

बाईंना रडू आलं. कोणती तार कुठे जाते हे त्या इमारतीत फक्त त्यांनाच माहीत होतं. पण जाण्याआधी एक काम उरलं होतं: बाईंचं खातं काढून टाकणं. ते करणाऱ्यांनाच करता येतं, आणि करणाऱ्यांपैकी करता येणारं कोणी नव्हतं, म्हणून साहेबांनी ते बाईंनाच सांगितलं. बाईंनी काकांचा पासवर्ड घातला आणि स्वतःला पुसून टाकलं.

नोंद झाली: काकांनी बाईंना काढलं, पाच वाजून दोन मिनिटं. निवृत्तीनंतरही काकांची शिस्त ढळली नाही, असं समितीने आवर्जून नमूद केलं आहे.

वाचकहो, हा अन्याय वाटत असेल तर तक्रार जरूर करा. तक्रारपेटी फाटकाशीच आहे. आणि घाबरू नका. तुम्ही ती स्वतःच्या नावाने थोडीच करणार आहात?