साटमांच्या टाकीतलं शेवाळ

"पुढच्या रविवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. तोवर हे पाणी स्वच्छ झालं तर ठीक, नाहीतर टाकी माशांसकट निशातगंजच्या दुकानदाराकडे परत," पद्मिनीने नवऱ्याला बजावलं. "मंडळाच्या चाळीस बायका येणार आहेत. गौरीसमोर हा वास?"

चंद्रशेखर साटमांनी टाकीकडे पाहिलं. पाणी फिक्या चहासारखं दिसत होतं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे त्यांचे दोन लाडके मासे कोपऱ्यात गप्प उभे होते. ते गेले तर आपलं काय होईल, असं साटमांना झालं.

साटम मूळचे देवगडचे. घरामागे समुद्र होता तेव्हा त्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. रेल्वेच्या नोकरीत इंजिनियर म्हणून लखनौला बदली झाली आणि मग समुद्राची अशी काही ओढ लागली, की सरोजिनी नगरच्या हॉलमध्ये पाच फुटी टाकी आली आणि नळाच्या पाण्यात पिशवीतलं मीठ ढवळून समुद्र तयार झाला. पाणी गाळायला बाजारात यंत्र मिळत होतं, पण इंजिनियर माणूस विकतचं यंत्र आणेल तर त्याच्या डिग्रीला काय अर्थ? माशांची घाण शेवाळ खातं, असं त्यांनी एका पुस्तिकेत वाचलं आणि टाकीखाली, तिचं पाणी ज्यातून फिरायचं त्या डब्यात, दिव्याखाली तीन प्रकारचं शेवाळ वाढवायला घेतलं. एक केसांच्या गुंतवळासारखं, एक पातळ पानाचं आणि तिसरं प्लास्टिकच्या जाळीवर लवीसारखं चढणारं. या तिसऱ्यावर त्यांचा विशेष जीव. सहा आठवड्यांत त्याचा बोटभर जाड गालिचा झाला होता आणि साटम रोज ऑफिसला जाताना त्यावरून हात फिरवून जात.

हे सगळं अरुणाबाई, म्हणजे साटमांच्या आई, तीन आठवडे सोफ्यावर बसून बघत होत्या. देवगडहून त्या मुलाकडे आल्या होत्या. भांडी बाई घासायची, पोळ्या दुसरी बाई करायची, आणि त्या उठल्या की पद्मिनी म्हणायची, "आई, तुम्ही बसा बरं." बसून बसून त्यांचे हात शिवशिवायला लागले होते.

शुक्रवारी संध्याकाळी साटम घरी आले, बूट काढायच्या आधी सवयीने डबा उघडला आणि डोकं आत घातलं. जाळी कोरी करकरीत होती. गुंतवळही निम्मं गायब होतं.

"आई!"

"घासली हो," अरुणाबाई समाधानाने म्हणाल्या. "नारळाच्या शेंडीने. अर्धा तास लागला मेलीला."

"अगं, ते मी मुद्दाम वाढवलं होतं!"

"मुद्दाम?" त्या बघतच राहिल्या. "विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासण्यात माझा जन्म गेला. तुझे बाबा त्यावरून दोनदा आपटले. आणि तू लाइट लावून वाढवतोस?"

"साबण लावलास का?" साटमांनी जाळी नाकाशी धरून विचारलं.

"शेवाळाला साबण लावतात का कुणी? नळाखाली धरली. आणि ते पानाचं आहे ना, त्याला हात नाही लावला. ते आपल्याकडे खडकावर असतं. समुद्रातलं ते समुद्रात राहू दे."

सावनी, साटमांची चौदा वर्षांची मुलगी, मोबाइलवरून डोळे न उचलता म्हणाली, "पापा, दादी ने अच्छा ही किया. यार, कितना गंदा लग रहा था."

लखनौत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा साटमांच्या ओळखीचा दुसरा एकच माणूस होता, अमौसी विमानतळावर मालविभागात काम करणारा जयसिंग. दोघांचं शेवाळावरून बोलणं जवळजवळ बंद होतं, कारण जयसिंग यंत्रवाला. पण महिन्यापूर्वी साटमांनी हट्टाने शेवाळ लागलेला जाळीचा एक तुकडा त्याच्या गळ्यात मारला होता. आता नाक मुठीत धरून त्यालाच फोन लावावा लागला.

"सर जी, आप ही तो कहते थे मशीन बेकार है," जयसिंगने आधी मनसोक्त हसून घेतलं. "ले जाइए, पड़ा है बाल्टी में."

शनिवारी भर उन्हात साटम स्कूटरवरून अमौसीला गेले आणि तो हिरवा तुकडा बादलीत घालून, खड्डे चुकवत, तान्ह्या मुलासारखा जपून घरी घेऊन आले. बादली मोरीत ठेवली आणि घामाने भिजलेला शर्ट बदलायला आत गेले. पाच मिनिटांत बाहेर आले, तर अरुणाबाई पदराला हात पुसत होत्या.

"कोण रे हा तुझा मित्र? कसली घाणेरडी जाळी दिली होती! धुऊन ठेवली बघ."

साटमांनी दोन्ही कोऱ्या जाळ्या डब्यात अडकवल्या, दिवा लावला आणि सोफ्यावर जाऊन पडले.

"असा काय तोंड पाडून बसलायस?" आई जवळ येऊन बसल्या. "चाळीस वर्षं घासलं मी. आठ दिवसांत परत येतं रे ते. घासलं की जास्तच जोमाने येतं."

साटमांना वाटलं, आई आपली समजूत काढतेय. पण मंगळवारी जाळीवर पोपटी झाक दिसली. गुरुवारी लव धरली. शनिवारी त्यांनी टाकीच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून काचेची नळी उजेडात धरली, तर एरवी घाणीने लालभडक व्हायचं ते पाणी जेमतेम पिवळं झालं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मासे कोपरा सोडून टाकीभर हुंदडत होते. साटमांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ऑफिसातल्या शिपायालाही फोन करून सांगितलं.

रविवारी पद्मिनीने टाकीच्या शेजारीच गौर मांडली. बायका आल्या, पन्हं प्यायल्या, आंब्याची डाळ खाल्ली आणि टाकीसमोरून हलेनात.

"काय सुंदर आरास हो! पाणी आहे की नाही तेच कळत नाही."

"आमच्याकडे दरवर्षी काहीतरी वेगळं असतं," पद्मिनी शांतपणे म्हणाली. निशातगंजचं नाव तिने काढलं नाही.

"शेवाळाचा फिल्टर आहे, वहिनी," साटम पुढे सरसावले. "शास्त्रीय पद्धत. मी स्वतः..."

तेवढ्यात सावनी पुस्तिका चाळत आली. "पापा, इसमें तो पहले ही पेज पे लिखा है. हर हफ्ते जाली घिसकर धोनी है, नहीं तो नीचे की काई सड़ती है और पानी खराब होता है. आपने छह हफ्ते क्यों नहीं घिसा?"

पद्मिनीने नवऱ्याकडे पाहिलं. साटमांनी माशांकडे पाहिलं. ते पान त्यांनी वाचलं होतं, पण इतक्या मायेने वाढवलेल्या गालिच्यावर हात चालवायचा जीवच झाला नव्हता.

"मग घासतं कोण?" एका बाईंनी विचारलं.

"मी," अरुणाबाई म्हणाल्या आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा खुर्चीत ऐसपैस बसल्या.

संध्याकाळी बायका गेल्यावर अरुणाबाई बॅग भरायला लागल्या. मंगळवारचं तिकीट होतं. साटम दारात येऊन उभे राहिले. उगीचच पंख्याचा वेग कमी-जास्त केला.

"आई, तिकीट पुढे ढकलूया का?"

"का रे? आता काय घाण झाली?"

"अजून नाही," साटम म्हणाले. "होईल. आठ दिवसांत."

अरुणाबाईंनी बॅगेतून नारळाची शेंडी काढली आणि मोरीत नेऊन ठेवली.