बसूअण्णांची कात्री

बसूअण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, कात्री असते. कुणाकडे गेले तर चहा येईपर्यंतही त्यांना धीर निघत नाही. अंगणातल्या कुंड्यांवरून एक नजर फिरते, हात खिशात जातो, आणि घरमालक "अण्णा, राहू दे हो" म्हणेपर्यंत गुलाबाचा निकाल लागलेला असतो.

आम्ही कसबा बावड्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोची जास्वंद गुडघ्याएवढी करून ठेवली. तिला अन्न गोड लागेना. मी जाब विचारायला गेलो, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं.

"आरं मर्दा, दया कुणाची करायलाईस? झाडाची, का बायकोची? कापायला दम पायजे!"

जास्वंद पुढे चांगली डेरेदार झाली, हे नाइलाजाने सांगतो. बायकोने मात्र त्यांना माफ केलं नाही.

अण्णा मूळचे नेसरीकडचे. लक्ष्मीपुरीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शिवायला माणसं होती, पण कापडाला कात्री लावायची ती अण्णांनीच. वय झालं तसं दुकान बंद केलं आणि कात्री झाडांकडे वळली. आता त्यांच्या अंगणात वड, पिंपळ, चिंच अशी दांडगी झाडं पसरट कुंड्यांत गपगुमान बसलेली असतात. प्रत्येकाची दर्शनी बाजू फाटकाकडे, म्हणजे येणाऱ्या पाव्हण्याकडे. हा अण्णांचा कायदा. दुसरा कायदा, अर्धवट काम करायचं नाही. लग्नात कुणाचं भाषण लांबलं तरी मागच्या रांगेतून ह्यांचा आवाज येतो, "काप की आता!"

एका झाडाला मात्र ती कात्री कधी लागत नसे. पारूअक्कांच्या खिडकीसमोर कट्ट्यावर ठेवलेलं अझेलियाचं जुनं झाड.

पारूअक्का म्हणजे अण्णांची बायको. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. बोलणं जवळजवळ गेलेलं, लक्षात तर काहीच राहत नाही. पण थंडी सरताना अझेलिया गुलाबी फुलांनी भरला की त्या खिडकीतून बघतात आणि अगदी स्पष्ट म्हणतात, "अवं, फुललं की!" काल बघितलेलं आज आठवत नाही, त्यामुळे रोज सकाळी त्यांना ते नवंच असतं. आणि रोज सकाळी अण्णा हातातलं काम टाकून खिडकीशी जातात, डोळे मोठे करून विचारतात, "व्हय? कवा गं?"

फुलं आहेत तोवर हे चालतं. एरवी त्या घरातून पारूअक्कांचा शब्द ऐकू येत नाही.

ते झाड बिघडत चाललं होतं. आतलं लाकूड उघडं पडलेलं, पानं फक्त टोकांना. बाकीची झाडं शेंड्याकडे धावतात, अझेलियाचा सगळा जोर खाली. इथे खालच्या फांद्या मातल्या होत्या आणि शेंडा वाळायला लागला होता. हे सगळं मला अण्णांनीच शिकवलेलं. उपायही तेच सांगायचे. "फुलं सरली की लगीच कापायचं, पार उघड्या लाकडापतोर. ह्याला जुन्या लाकडातनं बी फुटवा येतो. पावसात ते म्होरल्या कळ्या धरतंय, मग उशीर झाला." मात्र इतकं कापलं की वर्ष-दोन वर्षं फूल विसरायचं.

दर वर्षी फुलं सरायची आणि दर वर्षी अण्णांना काहीतरी निमित्त सापडायचं. यंदा ऊन फार आहे. यंदा गगनबावड्याची तांबडी माती आणायची राहिली. शहरातले त्यांचे बोन्सायवाले मित्र म्हणाले, "अण्णा, आता बोडकं करा, न्हाईतर झाड जातंय." त्यांच्यावर अण्णा खेकसले. मग जास्वंदीचा वचपा काढायला मीही विचारलं, "काय अण्णा, दम कुठं गेला?"

माझ्यावर ते खेकसले नाहीत. खिडकीकडे बघत हळू म्हणाले, "दोन वर्सं ती काय बोलंल रं?"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बराच वेळ पोळपाटावरची पोळी लाटत राहिली, आणि जास्वंदीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी फुलं गळाली आणि अण्णांनी कात्रीबरोबर छोटी करवतही बाहेर काढली. फाटकाकडची बाजू त्यांनी खोडापर्यंत कापली, प्रत्येक जखमेवर लेप लावला आणि थांबले. खिडकीकडच्या बाजूला हात लावला नाही.

"अण्णा, अर्धंच?"

"ठावं हाय मला," ते गुरगुरले. "समदा रस त्या बाजूला पळणार. ही बाजू वाळंल बी."

उन्हाळाभर त्या खुंटांवर त्यांनी जुन्या धोतराची सावली धरली होती. बोन्सायवाले आले, समोर ते रूप बघून फाटकातच थबकले. अण्णांनी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

यंदा थंडी सरताना मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. फाटकातून पहिल्यांदा दिसले ते खुंटच. एक वाळून गेला होता, बाकीच्यांवर कोवळी पालवी होती. अण्णा उकिडवे बसून नको ते फुटवे काढत होते.

"म्होरल्या खेपंला ही बाजू फुलंल," ते म्हणाले. "मग कुंडी फिरवायची, आन् ती बाजू कापायची. तिला कळायचं बी न्हाई."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अवं, फुललं की!"

अण्णांनी कात्री तिथेच टाकली. गुडघ्यांवर हात देऊन घाईघाईने उठले, खिडकीशी गेले आणि डोळे मोठे करून म्हणाले, "व्हय? कवा गं?"