वानखडे काकांचा मुक्का

वानखडे काका कुठेही नुसते उभे राहत नसत. डावा पाय पुढे, उजवा मागे तिरका, हनुवटी छातीकडे आणि दोन्ही मुठी गालाशी. दुधाच्या रांगेतही हाच पवित्रा. दूधवाला पिशवी हातात न देता लांबूनच फेकायचा.

काका जाऊन चार महिने झाले. आता त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला हवं. प्रयत्न करतो.

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी विजय नगरच्या बागेत आम्हा म्हाताऱ्यांना बॉक्सिंग शिकवायला घेतलं. आम्ही विनंती केली नव्हती.

"जोशी भाऊ, काहून खांद्यातून फेकून राहिले? मच्छर मारता का? मुक्का कमरेतून निघते. मागची टाच फिरवा. अन् मारला की हात त्याच रस्त्यानं गालाशी वापस!"

मी लायब्ररीत नोकरी केलेला माणूस. पुस्तकांवरच्या धुळीखेरीज कुणाला कधी फटका दिला नव्हता. हात वापस आणायचं मला आठवेपर्यंत त्यांची टपली माझ्या कानावर बसलेली असे. तीन वर्षं झाली तरी पहिला धडा संपेना. दुसरा त्यांना येतच नसावा, यावर आमचं एकमत होतं.

मग त्यांच्या बायकोचं, कमलाकाकूंचं, स्मरण जाऊ लागलं. एका सकाळी दूध घेऊन आलेल्या नवऱ्याला चोर समजून त्यांनी ओरडून अख्खी कॉलनी गोळा केली. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मी आईला इकडे एखाद्या संस्थेत ठेवीन."

"मी नाही पाठवत तिला," काका मला म्हणाले. एवढंच बोलून त्यांनी माझं कोपर आत ढकललं.

आरडाओरडा पुन्हा झाला नाही. पण काका मधूनमधून सुजलेला ओठ घेऊन बागेत येऊ लागले.

"प्रॅक्टिस," ते म्हणत.

"सामनेवाला पहलवान कौन है, मास्टरजी?" आमच्या बागेतल्या शुक्लाजींनी विचारलं. "कभी हमको भी मिलवाइए!" आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

एकदा बागेत राहिलेली त्यांची टोपी द्यायला मी सकाळी घरी गेलो. काका पायरीवर हात जोडून उभे होते. दारात काकू, मूठ उगारलेली.

"कोण रे तू?"

"नमस्कार, बाई. मी बॉक्सिंगचा मास्टर. तुमच्या मिस्टरांनी पाठवलं."

"अन् ते कुठं गेले?"

"ड्यूटीवर. येऊनच राहिले."

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं आलात. आमचे हे फार भोळे हो. कोणी अंगावर आलं तर मलाच पाहावं लागते."

"मग मनगट सीधं ठेवा, बाई. वाकलं की तुमचंच हाड दुखंल."

मुक्का थेट तोंडावर बसला. काकांनी हात वर केले नाहीत. जिभेनं ओठ चाचपला आणि म्हणाले, "शाब्बास. आता आत येऊ का?"

"या, बसा. पण चहा हे आल्यावरच टाकीन."

"चालते," काका म्हणाले. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारखे टेकले.