आहेराचा तांब्या

"पितळंतलं मला कुणी शिकवायचं न्हाय!"

हे वाक्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिवसाकाठी एकदा तरी ऐकू आलं नाही, तर लोक समजायचे, आकाराम आज आजारी आहे. त्याचं तिथं छोटं वर्कशॉप होतं. पितळेचा गोल पत्रा फिरत्या लेथवर चढवायचा आणि दांडक्यानं दाबत दाबत त्याचा तांब्या करायचा. हात चांगला होता, खोटं कशाला बोला! पण हातापेक्षा तोंड जोरात चालायचं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. पोरीचं, संयोगिताचं लग्न जयसिंगपूरला ठरलं आणि आकारामच्या अंगात आलं.

"लोक पावण्यास्नी आहेर म्हणून स्टीलचे डबे देत्यात. मी पितळी तांब्या देणार! माझं नाव कोरून! तांबं आन् जस्त असं बसलंय की गंज न्हाय, गळती न्हाय. नातवंडं पाणी पित्याली!"

आता असा दाबून घडवलेला माल शेवटी जरा तापवून घ्यावा लागतो. पत्र्यात राहिलेला ताण त्यानं निघून जातो. बाकीचे कारागीर तापवायचे. आकाराम म्हणायचा, "तापवलं की काळं पडतंय. परत पॉलिश कोण मारणार? तुझा आज्जा?"

तांबे झाले उन्हाळ्यात, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मधे ठेवायचे कुठं? गडमुडशिंगीतल्या घराला रंग चाललेला. आकारामनं पोती बांधली आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकली.

"गोठ्यात?" बायको तानाबाई म्हणाली. "अवो, डोळं झोंबत्यात तितं."

"पितळंला काय डोळं हैत? आन् चोर आला तर म्हस लाथ घालंल!"

झालं! आख्खा पावसाळा दाराला बारदान लावून म्हशी आत, त्यांचं शेणमूत खाली आणि नाव कोरलेले तांबे वर. पोतं उघडून बघायची बुद्धी कुणाला झाली नाही.

लग्नादिवशी पोती गोठ्यातून थेट कोल्हापूरच्या कार्यालयात आली. आणली तानाबाईच्या भावानं, कृष्णातनं, स्वतःच्या टेम्पोतून. पोतं आपटू नये म्हणून पठ्ठ्यानं खाली गवत अंथरलं होतं. नवरीचा मामा, साधा माणूस, सकाळपासून फेटा सांभाळत राबत होता.

वऱ्हाड आलं. सतरंज्यांवर बसलं. प्रत्येकाच्या हातात, पोत्यातनं काढून घाईघाईत पाण्यानं भरलेला एकेक तांब्या गेला आणि आकारामनं माईक हातात घेतला. घ्यायलाच नको होता!

"पावणं! ह्यो तांब्या मांडीवर ठिवा आन् निवांत बसा! एक थेंब जरी गळला, तरी आकाराम म्हणून हाक मारू नका!"

पावणे बिचारे आज्ञाधारक. सगळ्यांनी तांबे मांडीवर ठेवले. पहिल्यांदा नवऱ्याचा चुलता चुळबुळला. मग त्याच्या शेजारचा. मग आख्खी रांगच मांडीकडं बघायला लागली. तांब्यांना केसासारख्या बारीक चिरा, आणि प्रत्येक चिरेतून पाणी! पांढऱ्या पॅन्टी, कडक इस्त्रीची धोतरं, सगळं नको त्या जागी ओलं. उठावं तरी लाज, बसावं तरी लाज. बायकांनी पदर तोंडाला लावले, ते काही रडायला नव्हे!

आकारामच्या पायाखालची जमीन सरकली. इज्जत वाचवायला माणूस काय करतो? दुसऱ्यावर ढकलतो. माईक अजून हातातच होता.

"ह्यो किस्ना! ह्येनं टेम्पो खड्ड्यातनं हाणला! माझा माल फोडला! पोरीच्या लग्नात इस्कोट केलास रं माझा!"

सगळं कार्यालय कृष्णातकडं वळलं. त्यानं फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि बाहेर जाऊन टेम्पोत बसला. काच वर केली.

इकडं नवऱ्याच्या आजोबांनी, आण्णांनी, तांब्या उलटा करून बघितला. माणूस दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला. मिलिटरीचा आवाज अजून शाबूत.

"पावणं, आपटला असता तर पोचा आला असता. ही चीर हाय. माल ठिवला कुटं हुता?"

"गोठ्यात," आकाराम पुटपुटला. "माळ्यावर."

"आन् घडवल्यावर तापवला न्हवता?"

आकाराम खाली बघायला लागला.

"मग बरोबर हाय! न तापवलेल्या पितळंला मुताची वाफ लागली की ते आपोआप चिरतंय. काडतुसाच्या पितळी नळ्या आमी जनावराच्या आसपास ठिवत न्हवतो! म्हशीचं मूत लागलंय तुमच्या तांब्यास्नी!"

शेवटचं वाक्य आख्ख्या कार्यालयानं ऐकलं. ज्यांनी पाणी प्यायलं होतं, ते उठून मोरीकडं पळाले. मांड्या ओल्या आहेत, हेसुद्धा विसरले!

आकारामला वाटलं, धरणी फाटावी. त्यानं घाईघाईनं तांबे गोळा करायला हात पुढं केला, तर आण्णा गरजले, "दिलेला आहेर परत घेत्यात व्हय? ऱ्हाऊ दे!" म्हणजे जयसिंगपूरच्या घराघरात आता गळका तांब्या, आणि त्यावर आकारामचं नाव!

तेवढ्यात भटजी म्हणाले, "मुहूर्त जवळ आला, मामांनी नवरीला आणावं!"

आतून संयोगिताचा निरोप आला. मामा आल्याशिवाय ती खोलीबाहेर पाऊल टाकणार नव्हती.

आकारामला दरदरून घाम फुटला. गळक्या तांब्यापायी पोरीचं लग्न अडलं! तो टेम्पोकडं निघाला, तर तानाबाई आडवी आली. डोळ्यांत पाणी, आवाजात धार.

"तितं काचंत तोंड घालून हळूच सांगताय व्हय? माझ्या भावाला माईकवर बोललायसा. माईकवरच माफी मागा. न्हाईतर मी बी टेम्पोत जाऊन बसतो!"

आकारामनं माईक उचलला. सगळे बघत होते, ओले आणि कोरडे दोन्ही पावणे.

"किस्ना... तुजी काय चूक न्हाय. चूक माझी. तापवलं न्हाय, गोठ्यात ठिवलं, वर तुझ्यावर आळ घेतला. मला लाज वाटत्या. माफ कर गड्या. पोरगी तुझी वाट बघत्या."

दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

टेम्पोची काच खाली आली. कृष्णातनं डोकं बाहेर काढलं.

"दाजी, काय म्हणलासा? काच वर हुती की!"

आकारामनं माईक परत तोंडाशी धरला आणि सगळं पहिल्यापासून म्हटलं. गोठ्यासकट.

कृष्णात खाली उतरला. कार्यालयात आला. फेटा उचलून डोक्यावर चढवला, नीट बसवला, आणि नवरीच्या खोलीकडं जाता जाता थांबला.

"आता आलं ऐकू. पर दाजी, आणखी एकदा म्हणा. आचारी मागल्या बाजूला हुतं, त्यास्नी काय कळलं न्हाय."