सुनंदामावशींचा दरबार

सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कपडे धुवायचा नंबर स्वीडनच्या राजदरबारातल्या मानाप्रमाणे लागतो. थट्टा नाही करत. लॉकडाऊनमध्ये तळघरातल्या एकुलत्या एका वॉशिंग मशीनवरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सुनंदामावशींनी कारभार हातात घेतला. लग्न झालेल्या बायका आधी, बिनलग्नाच्या शेवटी. "राणीच्या पदरी असंच होतं, केतकी. लग्न झालेल्या मानकरणी पुढे, कुमारिका मागे."

"मावशी, मी बत्तीस वर्षांची आहे. टीम लीड आहे!"

"असशील. पण कुमारिकाच ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माझा नंबर यायचा गुरुवारी, तेही पाऊस नसला तर.

मावशी मूळच्या नाशिकच्या. मुलगा मंदार इथे सिडनीत, मुलगी रेवा स्टॉकहोममध्ये, आणि रेवाला दिवस गेलेले. दोन महिने मुलाकडे राहून बाळंतपणाला मुलीकडे जायचं, असा बेत होता. तेवढ्यात कोरोना आला. विमानं बंद, व्हिसा बंद, मावशी आमच्या डोक्यावर. मुलीच्या देशाची जरा माहिती असावी म्हणून फोनवर वाचायला लागल्या, त्या हवामान, दवाखाने वगैरे सगळं सोडून थेट तिथल्या राण्यांच्या अंतःपुरात जाऊन पोचल्या. मंदार वेअरहाऊसला नाइट शिफ्ट करून दिवसभर घोरत पडायचा. मग ऐकायला कोण? मी! वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी रिकामी बसलेली, असा त्यांचा ठाम समज.

माझा कॉल चालू असताना खिडकीखाली उभ्या राहून हाका मारायच्या. "केतकी, ऐकलंस का? ती सरदाराची बायको राणीच्या आधी दारातून गेली गं!"

"कधी?"

"अडीचशे वर्षांपूर्वी. पण म्हणून काय झालं? दरबारात असं चालत नाही."

तळमजल्यावरच्या ब्रूसकडे जुना ट्रक आहे, म्हणून त्याला घोड्यांच्या पागेचा प्रमुख नेमलं. तो बिचारा "नो वरीज, लव्ह" म्हणून कामाला लागला, त्यांचं वाणसामान आणायला लागला. एकदा तर मावशी काळा पंजाबी ड्रेस घालून कचरा टाकायला खाली आल्या. बाह्यांवर पांढऱ्या कापडाचे फुगे शिवलेले. बायकांनी भारी कपड्यांवर उधळपट्टी करू नये म्हणून तिथल्या राजाने म्हणे असा पोशाख ठरवून दिला होता. मंदारच्या उशीचे अभ्रे गेले त्यात. "स्टॉकहोमच्या विमानतळावर हाच घालून उतरणार," म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. कसलं विमानतळ आणि कसलं काय! कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात जायची चोरी होती तेव्हा.

रेवाचे दिवस भरत आले, तसा या बाईंनी उच्छाद मांडला. रोज एक नवी राणी, रोज एक नवी दासी. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "मावशी, पुरे आता. जीव नका खाऊ." दोन दिवस हाक आली नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी, क्लायंटला डेमो देत असताना, दारावर धडाधड थापा. दार उघडलं तर मावशी मास्क लावून जिन्यात उभ्या.

"रेवाला मुलगी झाली. तू चल."

"अभिनंदन, मावशी! पण माझा डेमो—"

"साक्षीला पाहिजेस. तिथे राजघराण्यात मूल झालं, की दरबारची मुख्य मानकरीण स्वतः जाऊन बघते. तिने पाहिल्याशिवाय जन्म पक्का धरत नाहीत."

आता मात्र हद्द झाली. "मग तुम्हीच बघा ना! मुख्य तर तुम्हीच आहात."

"बघितलं गं. फोनवर. सारखी बघतेय." त्यांनी हातातला फोन पुन्हा उघडून बघितला. "पण मला खरंच वाटत नाहीये. हात लागत नाही, वास येत नाही. सिनेमातलं कुणाचं तरी मूल बघावं तसं होतंय. तू बघून सांग, आहे ना गं ती?"

त्यांनी फोन पायरीवर ठेवला आणि चार पायऱ्या वर सरकल्या. मी तो उचलला. दुपट्यात गुंडाळलेला एक लालबुंद जीव, डोळे गच्च मिटलेले.

"आहे, मावशी. चांगली धडधाकट आहे."

"नाक?"

"तुमचंच."

मावशी तिथेच पायरीवर बसल्या आणि मास्कमध्ये हमसाहमशी रडायला लागल्या. जवळ जाऊन पाठीवर हात फिरवायचीही सोय नव्हती. आत लॅपटॉपमधून माझ्या नावाने शंख चालला होता. मी दार ओढून घेतलं, खालच्या पायरीवर बसले आणि फोनमध्ये बघून सांगत सुटले: जावळ दाट आहे, कान चिकटलेले आहेत, डाव्या हाताची मूठ बाहेर काढलीय. मावशी डोळे मिटून प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होत्या. मी जरा थांबले, की "पुढे?" म्हणायच्या.