निम्म्या किमतीचा दिवा

जेवणाच्या टेबलाशी बसून जेवून तिला तीन आठवडे झाले होते. टेबलावर वायरी, सोल्डरिंगची गन आणि नवऱ्याची कोपरं पसरलेली असत. घरची जेवणं मांडीवर चालली होती.

निमित्त काय, तर साडूने त्याच्या घरच्या माशांच्या टाकीसाठी चार हजारांचा तयार एलईडी दिवा आणला. तो पाहून तिचा हिशेबनीस नवरा चारचौघांत म्हणाला, "असला दिवा आमच्या टाकीला मी निम्म्या किमतीत घरी करतो. महिन्याने बघायला या." झालं. इज्जत नवऱ्याची पणाला लागली आणि टेबल गेलं बायकोचं.

एलईडी तापतात, म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हवा. तो विकत कोण घेणार? तिचा केकचा ट्रे कापला गेला. तरी पहिले आठ एलईडी जळालेच. मग नवे आठ आले, ते गार ठेवायला पंखा आला आणि पंखा बसवायला ड्रिल मशीन आलं.

"अहो, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला चाललाय तुमचा."

"मशीन खर्चात धरायचं नसतं. ते भांडवल."

"आणि जळाले ते आठ?"

"ते शिक्षण."

"माझा ट्रे?"

"तो घरातलाच होता की."

ऑफिसात कुणी असला हिशेब दिला असता, तर याच माणसाने त्याच्याकडे चहाचीसुद्धा पावती मागितली असती.

अखेर दिवा लागला. इतका लख्ख, की सहाच्या सहा मासे दगडामागे जाऊन बसले. दोन दिवस त्यांनी खाण्याला तोंड लावलं नाही. तेव्हा नवऱ्याने सहा एलईडींवर काळी चिकटपट्टी लावली. उरलेल्या दोनांसाठी पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहिला.

रविवारी साडू आला. "किती पडले?"

"अठराशे," नवरा बेधडक म्हणाला.

साडूचं तोंड उतरलं. तोही काही कमी चिकट नव्हता. बायकोने ते बरोबर हेरलं.

"भावोजी, मग हाच न्या की तुम्ही, असाच. तुमचा तो आम्ही दोन हजाराला घेतो."

दिवा फुकट आणि वर दोन हजार रोख. साडू आपला दिवा आणायला लगेच उठलाच. स्वतःच्या दिव्याला नवरा स्वतःच नावं कशी ठेवणार? त्याने पैसे मोजले.

संध्याकाळी तयार दिवा टाकीवर बसला. ना घरघर, ना चिकटपट्टी. मासे एकेक करून बाहेर आले. तिने टेबल घासूनपुसून लख्ख केलं आणि ताटं वाढायला आत गेली. कितीतरी दिवसांनी तिला सपाटून भूक लागली होती.

ताटं घेऊन येते तो टाकीत अंधार. टेबलावर चार हजारांचा दिवा उताणा पडलेला आणि शेजारी बशीत स्क्रू.

"घाबरू नकोस," नवरा मान वर न करता म्हणाला. "यात चार हजारांचं आहे तरी काय, तेवढं बघतो."

तिने त्याचं ताट परत आत नेऊन ठेवलं, आणि स्वतःचं मांडीवर घेतलं.